क्लासच्या ग्रुपवर दर शनिवारी काय पाठवावं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी सुचवा

पेटीबाई (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी शहापुरात गाण्याचा आणि पेटीचा क्लास घेते. शाळेतली पोरं-पोरी आहेत, संध्याकाळच्या बॅचला नोकरीवाल्या बायका आहेत, आणि बँकेतून रिटायर झालेले दोघे काका आहेत जे सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. बहुतेकांची धाव गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेपर्यंत. प्रवेशिका पूर्ण झाली, भूप दुर्गा काफी पाठ झाले, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लागलं की संपलं गाणं. म्हणून दर शनिवारी रात्री मी ग्रुपवर "या आठवड्याचं" असा एक मेसेज टाकते. एक ऐकायचं, एक बघायचं, जमलं तर एक वाचायचं. रागदारीच पाहिजे असं काही नाही, नाटक, सिनेमा, जुनं रेकॉर्डिंग, मला आठवडाभरात जे सापडलं आणि बरं वाटलं ते.

अडचण अशी की अंगठा सगळे देतात पण उघडून बघणारे थोडेच. सोमवारी विचारलं की "हो बाई, बघायचं राहिलंय". जे चाललं ते सांगते. पुलंचे रावसाहेब, त्यांच्याच आवाजातले, ते काकांनी घरच्या सगळ्यांना ऐकवलं, कारण बेळगावच्या माणसाला रावसाहेबांची भाषा कळायला वेगळं काही करावं लागत नाही, आणि पुलं इथं आरपीडी कॉलेजात शिकवायला होते हे निम्म्या पोरांना माहीतच नव्हतं. दुसरं चाललं ते केसरबाईंचं. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानं सोडली त्यांच्यावरच्या सोन्याच्या तबकडीत आपल्या देशातलं एकच गाणं आहे, केसरबाई केरकरांची भैरवी, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटांची. सातवीतल्या एकाने विचारलं, तिकडं प्लेअर कुठं असणार? म्हटलं अरे सुईसुद्धा बरोबर पाठवलीय, आणि ती कशी लावायची त्याची चित्रं तबकडीच्या कव्हरवर कोरलीत. त्या दिवशी भैरवीचे कोमल स्वर विचारून घेतले त्याने आपणहून.

कुमार गंधर्व पाठवले. सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, १९२४ चा जन्म, शताब्दी होऊन गेली, तरी पोरांना कुमार गंधर्व म्हणजे रंगमंदिराचं नाव एवढंच माहीत. पण अर्ध्या तासाची निर्गुणी भजनं कुणी ऐकली नाहीत.

वर आणि भाषेचं लफडं. मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांचं एक वचन, म्हणजे शिवभक्तांचं कन्नड पद, पाठवलं तर एका पालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, शाळेत कन्नड भरपूर होतंय बाई, क्लासला तरी नको. पुढच्या आठवड्यात नाट्यगीत पाठवलं तर एक कन्नड घरातल्या ताई म्हणाल्या, आम्हाला अर्थ कोण सांगणार. दोघींना हसून दाखवलं, करणार काय.

तर सांगा, आपल्या भागातलं अजून काय पाठवता येईल, किती लांबीचं, आणि कसं.


मिरज_जंक्शन

बाई, मी तंबोऱ्याच्या कामातला माणूस, गाण्यातलं शास्त्र मला विचारू नका, पण एक सांगतो. तुम्ही अर्धा तास पाठवताय. आधी तीन मिनिटं पाठवा की. जुन्या ७८ च्या तबकड्यांत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणजे मोठमोठ्या बुवांनी तीन मिनिटांत सगळा राग उभा केलेला आहे. आमच्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांपासून सुरू करा. झिंझोटीतली ठुमरी, "पिया बिन नहीं आवत चैन". ती ऐकवा आणि लगेच तीच ठुमरी सैगलची, १९३५ च्या देवदासमधली. चीज एकच, माणसं दोन. काही समजावू नका, फक्त विचारा कोण कुठं थांबला. मी कारखान्यातल्या नव्या पोरांना हेच ऐकवतो, गाणं न शिकलेली पोरं पण बरोबर सांगतात.

बघायच्यात मिरज स्टेशनवर उतरून सतारमेकर गल्लीत या म्हणतो मी. आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याच्या बातम्या सगळ्यांनी फॉरवर्ड केल्या, पण भोपळा कापताना कुणी बघितलंय? भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडून येतो. आणि पोरांना खरं दाखवायचं ते जवारी, तारेचा गुंजार. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला किंचित उतार दिलेला असतो, तार त्याला घासत घासत थरथरते. तार आणि घोडीच्या मधे एक साधा सुती दोरा असतो, तो केसाएवढा पुढं-मागं सरकवला की आतापर्यंत ठक्क वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. पोरांच्या हातात तो दोरा द्या. त्यांनीच सरकवायचा, त्यांनीच सांगायचं "आत्ता". पुढं ॲपवरचा तंबोरा लावला तरी त्यांना कळतं की काय कमी आहे.

आणि उरुसाला या. मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं, चिंचेच्या झाडाखाली. तिकीट नाही, पास नाही, जमिनीवर बसायचं.


अनगोळकर

तीस वर्षं आकाशवाणी ऐकून कान तयार झालेला माणूस बोलतोय, राग मानू नका. ग्रुपवर लिंक टाकणं म्हणजे पंगतीत पान वाढून आपण घरी निघून जाणं. कोण जेवलं कोण उठलं तुम्हाला काय कळणार? लिंक बंद करा. क्लास सुटायच्या आधी दहा मिनिटं स्पीकरवर लावा, मोबाइल पिशवीत, डोळे मिटायचे नसतील तर नका मिटू पण बोलायचं नाही. आम्ही रेडिओ ऐकायचो तेव्हा परत लावायची सोयच नव्हती. शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम चुकला की चुकला. सकाळी विविध भारतीवर संगीत सरिता, धारवाड केंद्र एकीकडं, सांगली दुसरीकडं, सुई मधे फिरवत बसायचं, कधी कन्नड कधी मराठी, घरात कुणी विचारलं नाही भाषा कुठली म्हणून.

आता तुम्ही पेटी शिकवता म्हणून एक विषय देतो. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. साथीला पण नाही! कारण काय, तर पेटीचे सूर ठोकून बसवलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) सापडत नाहीत, परदेशी वाद्य. आणि त्याच काळात आपल्या बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि त्यांचे शिष्य रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, शिकवत होते. रामभाऊ कागवाडचे, १९१७ चा जन्म, २०१० ला गेले, म्हणजे बंदी यायच्या आधीपासून ते बंदी उठून जग बदलेपर्यंत एकाच वाद्याला चिकटून राहिलेला माणूस. मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, सगळ्यांना साथ. त्यांचं सोलो वादन नेटवर मिळतं. ते लावा आणि पोरांना सांगा की जे वाद्य तुमच्या मांडीपुढं आहे ते रेडिओला चालत नव्हतं, आता ऐकून तुम्हीच ठरवा बंदी बरोबर की चूक. माझं मत विचाराल तर मींडीचा मुद्दा बरोबर होता आणि बंदी मूर्खपणाची होती, दोन्ही एकदम खरं असू शकतं.


बारावी_सायन्स

बाई मी तुमच्या क्लासचा न्हवं पण अशाच एका क्लासच्या ग्रुपवर हाय मी, तिकडचं सांगतो कशाला उघडत न्हाई ते. एक, आमच्या सरांचा मेसेज येतंय चार लिंक, खाली नमस्ते, वर गुड मॉर्निंगचं फूल. कुठली आधी बघायची कळत न्हाई म्हणून कुठलीच बघत न्हाई. दोन, "अप्रतिम गायन, जरूर ऐका". अप्रतिम म्हणजे काय ते मला कसं कळणार, मी सुगम शिकालोय. पंचेचाळीस मिनिटाचा यमन, पहिली दहा मिनिटं काहीच होत न्हाई असं वाटतंय मला, होत असणार पण मला दिसत न्हाई. तुम्ही सांगा की "सहा मिनिटं वीस सेकंदाला जा, तिथनं तबला येतोय, आणि आठव्या मिनिटाला ती तान तीन वेळा वेगवेगळी घेतलीय ती मोज". मग मी नक्की जाणार, कारण मोजायचं असलं की मला येतंय. मिनिट लिहा तेवढं. आमच्यात सगळेजण रील बघतेत हे खरं हाय पण मॅचचे हायलाईट पण बघतेत आणि त्यातला एखादा मग पूर्ण मॅच बघतोय, तसलं काहीतरी करा.

अनगोळकर काका, मोबाइल पिशवीत ठेवून स्पीकरवर ऐकणं भारी वाटतंय पण आमची बॅच सव्वासहाला सुटती आणि साडेसहाला ट्यूशन, दहा मिनिटं कुठनं आणणार?


अनगोळकर

@बारावी_सायन्स सव्वासहाऐवजी सहा पाचला शिकवणं थांबवायचं. पाच मिनिटं बाईंची, पाच तुझी. पण तुझं मिनिट लिहायचं बरोबर आहे, ते मान्य.


गोकाकची_अक्का

माझी मातृभाषा कन्नड, मराठी शेजारपाजार आणि नाटकातनं शिकलेली, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. बाई तुम्ही दोन्हीकडच्या पालकांना एकच माणूस पाठवा, सवाई गंधर्व. कुंदगोळचे, घरात कन्नड, आणि नाव गाजलं मराठी रंगभूमीवर, बायकांच्या भूमिका करून. त्यांचे शिष्य भीमसेन आणि गंगूबाई. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जायच्या शिकायला. सवाई गंधर्व १९५२ ला गेले आणि पुढच्या वर्षापासून पुण्यात महोत्सव सुरू, आज पुण्यातले लोक स्वेटर घालून बसतात ना, ते आमच्या धारवाड जिल्ह्याच्या माणसाच्या नावानं. हे सांगितलं की कुठल्या पालकाचं तोंड उघडणार?

गंगूबाईंचं एक फार छान आहे मुलांसाठी. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या गांधारी या नावानं निघाल्या, १९३० च्या दशकातल्या. आवाज इतका बारीक, गोड, चढा, की या गंगूबाई हे पटतच नाही. नंतर टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि आवाज बदलून तो सगळ्यांना माहीत असलेला भारदस्त आवाज झाला. आधी ते जुनं ऐकवा, नाव सांगू नका, मग साठ-सत्तरच्या दशकातलं ऐकवा. आवाज फुटायच्या वयातली मुलं असतात ना क्लासात, जी लाजून गायची थांबतात, त्यांना तर हे ऐकवाच.

वचनाबद्दल. मन्सूर अण्णांचं "अक्क केळव्वा" पाठवलंत ना? ते अक्कमहादेवीचं वचन, ती मैत्रिणीला सांगतेय की मला एक स्वप्न पडलं. एवढं एक वाक्य मराठीत वर लिहा, बास. पूर्ण भाषांतर करत बसू नका, बाकीचं सूर सांगतो. तसंच नाट्यगीत पाठवताना आम्हाला पण एक ओळ द्या, कोण कुणाला म्हणतंय आणि आधी नाटकात काय झालंय. माझ्या आईला मराठी बोलता येत नव्हतं पण बसवराज राजगुरूंच्या मैफलीत नाट्यगीत आलं की ती पुढं सरकून बसायची. राजगुरू वचन पण गायचे, ठुमरी पण, नाट्यगीत पण, आणि तिन्हीकडं घरचेच वाटायचे.

बघायचं म्हणाल तर सनादी अप्पण्णा, १९७७ चा कन्नड सिनेमा, राजकुमारांचा. सनई वाजवणाऱ्याची गोष्ट आहे आणि सनई कुणाची, तर उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची. कन्नड अजिबात येत नसलं तरी सनई कळते. पूर्ण नका दाखवू, वाजवायचे सीन दाखवा आणि राजकुमारांच्या गालांकडं, बोटांकडं बघायला सांगा, किती तयारी केली असेल नुसती नक्कल करायला.


पेटीबाई (शहापूर, बेळगाव)

अक्का, एका ओळीचं पटलं, अगदी पटलं. गांधारीच्या तबकड्या मी स्वतः पण ऐकल्या नव्हत्या, काल रात्री शोधून ऐकल्या आणि घरातल्यांना ओळखायला लावलं, कुणी ओळखलं नाही. सनादी अप्पण्णा लहानपणी आजोळी हुक्केरीला बघितल्याचं आठवतं पण सनई बिस्मिल्लांची हे आत्ता कळलं.

मिरजकर, तुमची झिंझोटी-सैगल जोडी या शनिवारी जाणारच. एक विचारायचं, क्लासात तंबोरा जुना आहे, जवारी गेलीय, पोरांना दोरा सरकवायला दिला तर तार-बीर तुटायची भीती नाही ना?

बारावी, तुझं नाव असतं तर तुला असिस्टंट ठेवला असता.


मिरज_जंक्शन

दोरा सरकवून तार तुटत नाही, खुंटी पिळून तुटते. खुंटीला हात लावू देऊ नका, दोऱ्याशी काय खेळायचं ते खेळू दे. पण जवारी गेलेली असेल म्हणजे घोडीवर तारेनं खाचा पाडल्या असतील, मग दोरा कितीही फिरवा, गुंजणार नाही, भुणभुणेल. घोडी घासून घ्यावी लागेल. सँडपेपर घेऊन घरी प्रयोग करू नका, हात जोडून सांगतो, असल्या घासलेल्या घोड्या आमच्याकडं येतात तेव्हा बदलण्यावाचून इलाज नसतो.


भजनी_खानापूर

सगळं वाचलो. बाई माफ करा पण तुमच्या यादीत सगळे बुवा, पंडित, खाँसाहेब. आमचं काय? आमच्या गावात एकादशीला भजन असतंय, पखवाजवाला शेतातनं येतोय पायाला चिखल तसाच, आणि पेटीवाल्याची पेटी पावसात फुगलेली, दोन सूर दाबले की तीन वाजतेत, तरी असं रंगतंय की पहाट होतीय. ते तुमच्या शनिवारात कधी येणार? विठ्ठल आमचा पण आणि कन्नड हरिदास संतांचा पण, पुरंदरदासांची पदं भीमसेनांनी गायलीत तशीच तुकोबांचे अभंग पण गायलेत, दोन्ही लागोपाठ लावा की, "भाग्यदा लक्ष्मी" आणि मग एखादा अभंग, पोरं आपोआप म्हणतील हा माणूस एकच.

आणि सौंदत्ती. जिल्ह्यातलीच की. यल्लम्माच्या पुनवेला बैलगाड्या, ट्रॅक्टर, एसट्या, महाराष्ट्रातनं निम्मं कोल्हापूर-सांगली येतंय. तिथं जोगत्यांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्यांच्या, हातात चौंडकं असतंय. बघितलंय का कधी जवळनं? लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्या कातड्यातनं एक तार निघून बाजूच्या दांडीच्या टोकाला खुंटीवर बांधलेली. काखेत धरायचं, एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं दांडी दाबून तार ढिली-ताठ करायची. त्यामुळं सूर एका जागी राहतच न्हाई, घसरतंय, वाकतंय, बोलल्यासारखं येतंय. अनगोळकर म्हणतेत पेटीत मींड निघत न्हाई. मग चौंडकं ऐका, त्यात मींडीशिवाय काय न्हाईच! पोरांना विचारा, ठरलेला सा नसताना गाणारी बाई सुरात कशी राहती. मला पण याचं उत्तर पाहिजे.


अनगोळकर

@भजनी_खानापूर चौंडक्याचा मुद्दा एक नंबर. पण बाई शास्त्रीय शिकवतात, जत्रा नाही. आधी एक गोष्ट तरी नीट कानात बसू दे, दर शनिवारी वेगळा देव बसवला तर पोरं सगळीकडं नमस्कार करतील आणि राहणार कुठंच नाहीत.


भजनी_खानापूर

किर्लोस्कर कुठले हो काका? अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, सौंदत्ती तालुका, मलप्रभेच्या काठावर. यल्लम्माच्या डोंगरापास्नं किती लांब? १८८० ला पुण्यात शाकुंतल केलं आणि तुमचं संगीत नाटक सुरू झालं. त्याच्या आधी लहानपणी त्यांनी काय ऐकलं असणार? पारिजात बघितलं असणार, दासांची पदं ऐकली असणार, जत्राच ऐकली असणार की.


अनगोळकर

असणार, असणार. पुरावा दे.


भजनी_खानापूर

गुर्लहोसुरात जन्मून कन्नड न ऐकलेला माणूस दाखवा, तोच पुरावा.


गोकाकची_अक्का

भांडा पण पारिजातचं नाव निघालंय तर सांगून जाते. श्रीकृष्ण पारिजात हा आमच्याकडचा बयलाट, उघड्यावरचं नाटक, बेळगाव-बागलकोटकडचा. कौजलगी निंगम्मांचं नाव अजून जुनी माणसं काढतात, बायका स्टेजवर येत नव्हत्या त्या काळात ती बाई पारिजात गाजवायची. कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा, एका फुलावरनं रुसवा, आणि मधेच भागवत, म्हणजे सूत्रधार, येऊन सगळ्यांची फिरकी घेतो. पदं ऐकलीत तर तुमच्या जुन्या नाट्यगीतांची आठवण होते. खरं कोण कुणाकडनं शिकलं हे मला नाही सांगता येणार, पण लागोपाठ ऐकवा, पोरांचे कान ठरवतील. अजून मंडळ्या आहेत, यात्रेत प्रयोग होतात, रात्री दहाला सुरू आणि पहाटेपर्यंत. मुलांना पहिला तास दाखवून घरी आणा.


वाचनालयातला_कोपरा

वाचायचं कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो. क्लासच्या पोरांना पुस्तक सांगितलं की पळतात हे मान्य, पण एक वेगळ्या प्रकारचं आहे, राग गाइड नावाचं, १९९९ मध्ये निघालं, ७४ राग, आणि बरोबर चार सीड्या. प्रत्येक राग चार-पाच मिनिटांत आलाप आणि बंदिशीसकट, गायन श्रुती सडोलीकर आणि विद्याधर व्यासांचं, बासरी हरिप्रसादांची, सरोद बुद्धदेव दासगुप्तांचं. पुस्तक इंग्रजीत आहे आणि थोडं जड आहे, ते तुम्ही वाचा, पोरांना नुसते ट्रॅक द्या. परीक्षेचा राग त्या आठवड्यात जो चालू असेल त्याचाच. बारावीवाल्याचं पण काम होईल, पाच मिनिटांत सगळं संपतं.

मराठीत गोविंदराव टेंब्यांचा "माझा संगीत व्यासंग". स्वतः पेटीवाले, कोल्हापूरचे, अल्लादिया खाँसाहेबांना जवळून ऐकलेले. पूर्ण पुस्तक सांगू नका, दोन पानं फोटो काढून पाठवा. मी आमच्या नातवाला असंच फसवलं, दोन पानं वाचून तो म्हणाला पुढं काय झालं, मग पुस्तकच दिलं हातात. आपल्या गणपत गल्लीतल्या वाचनालयात संगीतावरची जुनी पुस्तकं बरीच आहेत, कपाटाची किल्ली मागावी लागते एवढंच.

सिनेमा मोठ्या बॅचसाठी, द डिसायपल, २०२० चा, चैतन्य ताम्हाणेचा, मराठी. व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालं. मुख्य भूमिकेत नट नाही, खरा गायक आहे, आदित्य मोडक, म्हणून गाताना तोंड हलवल्यासारखं वाटत नाही. लहानांना नको, काही सीन मोठ्यांचे आहेत. आणि ज्यांना आपण गाण्यात मोठं नाव काढणार असं वाटतंय त्यांना तर जरा जपूनच दाखवा, कारण तो सिनेमा कुणाला खोटा धीर देत नाही. मला फार आवडला. बायकोला अजिबात नाही, ती म्हणाली दोन तास एक माणूस नुसता कष्टी फिरतोय.


नोकरीवाली_टिळकवाडी

मी बाईंसारख्याच एका क्लासची संध्याकाळची विद्यार्थिनी, वय विचारू नका. आमच्यासारख्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मला बघायला वेळ नाही, ऐकायला आहे. पोळ्या लाटताना आणि स्कूटीवर. (स्कूटीवर एकाच कानात, ओरडू नका.) त्यामुळं व्हिडिओ पाठवलात तरी मला ते फक्त ऐकू येणार आहे, म्हणून "बघा कसा हात फिरवलाय" असलं लिहू नका, मी नाही बघू शकत. आणि कृपा करून सोमवारी सगळ्यांसमोर "ऐकलंत का" विचारू नका. ऐकलेलं असतं पण त्यावर बोलायला येत नाही, आणि मग न ऐकल्यासारखं वाटतं. आमच्या बाईंनी एक केलं, ऐकून झालं की ग्रुपवर फक्त एक शब्द टाकायचा, काहीही, "थंडगार", "भांडण", "सासर", काहीही. एका मारवा रागाला कुणीतरी "शेवटची बस" लिहिलं, दोन शब्द झाले पण चाललं. त्या शब्दांवर नंतर अर्धा तास गप्पा झाल्या. अनगोळकर काकांनी हे करून बघावं.


अनगोळकर

मारव्याला शेवटची बस. लिहिलं कुणी ते, हुशार आहे.


पेटीबाई (शहापूर, बेळगाव)

किती दिलंत हो तुम्ही सगळ्यांनी, वर्षाचं सामान झालं. भांडण पण चालू ठेवा, मला त्यातनंच विषय मिळतात. मी असं ठरवलंय. मेसेजात आता एकच लिंक. मिनिट लिहिणार. दुसऱ्या भाषेतलं असेल तर वर एक ओळ. लहान बॅचला सहा पाचला स्पीकर, मोठ्या बॅचला लिंक, कारण मोठ्यांना थांबवता येत नाही आणि लहानांना पळवता येत नाही. खानापूरकर, चौंडकं आणि पारिजात घेणारच, पण जत्रेत जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणार नाही, त्या बायकांना विचारून, त्यांना काहीतरी देऊन, एखादी जोगतीण क्लासला येते का बघते. कुणाची ओळख असेल तर मेसेज करा.

या शनिवारचा मेसेज लिहिलाय, बघा कसा वाटतो:

"या आठवड्याचं. अब्दुल करीम खाँ, झिंझोटी, तीन मिनिटं. मग हेच सैगलकडून. पहिल्या ओळीत 'चैन' हा शब्द दोघांनी कुठं नेऊन ठेवलाय ते ऐका. खाँसाहेब मिरजेचे, आपल्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनावरचे. ऐकून झालं की एक शब्द टाका. अंगठा चालणार नाही."


बारावी_सायन्स

अंगठा चालणार नाही हे भारी. पण बाई "तीन मिनिटं" पहिल्यांदा लिहा, नाव नंतर. आमच्यात आधी टाइम बघतेत.


गोकाकची_अक्का

जोगतीण सौंदत्तीहून बोलवायची गरज नाही, गोकाकमध्येच एक अज्जी आहे, कन्नड-मराठी दोन्ही गाते, वयानं थकलीय पण आवाज खणखणीत. तिला विचारून सांगते. मंगळवार-शुक्रवार सोडून, त्या दिवशी ती जोगवा मागायला जाते. आणि तिला खुर्चीवर बसवू नका, खाली बसल्याशिवाय तिचं चौंडकं लागत नाही.


मिरज_जंक्शन

पोरांना मिरजेला आणणार असाल तर पावसाळा उलटू दे. पावसात पॉलिश वाळत नाही, आम्ही पण वैतागलेलो असतो, दाखवायला काही नसतं. दिवाळीनंतर या, तो जुना तंबोरा पण बरोबर आणा, गादीत गुंडाळून, आणि गाडीत चढताना भोपळ्याची बाजू आधी आत घ्या.